शेपट्या नव्हे, चुली

सरकारी नोकरीत मी जन्मभर मोजत आलो. विहिरी मोजल्या, बांध मोजले, गुरं मोजली, एका योजनेत तर कोंबड्यासुद्धा मोजल्या. तुझं मोजणं चुकतंय, असं तोंडावर सांगणारं माणूस मात्र एकच भेटलं. ठकूबाई त्यांचं नाव. आळंदी आणि चाकणच्या मधे निमोणवाडी म्हणून गाव होतं, तिथल्या बौद्ध वस्तीत त्या राहायच्या.

मी तेव्हा चिंचवडला राहायचो आणि तालुक्याच्या कचेरीत विस्तार अधिकारी होतो. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. रॉकेलच्या रांगा लांबत चालल्या होत्या आणि गावोगाव गोबरगॅसचं वारं होतं. निमोणवाडीत सगळ्या गावाची मिळून एक मोठी टाकी बांधायची आणि नळ घालून घरोघर गॅस न्यायचा, असं वरून ठरलं होतं. कुणाकडे किती गुरं आणि त्यांचं रोजचं शेण किती, याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं.

दोन दिवसांत मी गाव उरकलं आणि सायकल हातात धरून वस्तीवरून परत निघालो. वस्तीत कुणाकडेच गुरं नव्हती, त्यामुळे थांबायचं कारण नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेतलेली एक बाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. उंच, काटक बांधा, कपाळावर गोंदण, आणि धुरानं कायमचे लाल झालेले डोळे.

"आमची घरं ऱ्हायली," ती म्हणाली.

"अगं बाई, ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांचीच घरं घ्यायची आहेत."

"अगं? मी तुमची कोन लागते, सायेब?"

त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करत आलो, मनातल्या मनातसुद्धा.

"गुरं न्हाईत आमच्यात," पाटी खाली ठेवत ठकूबाई म्हणाल्या. "पन चुली हाईत. ह्यो गॅस तुमी कशापायी करताय? सैपाकासाठीच ना? मंग चुली मोजायच्या का शेपट्या?"

त्यांनी मला सायकल लिंबाला टेकवायला लावली, घरातून तांब्या-पेला आणला आणि माझ्यापुढे धरला. "आधी पानी प्या. मंग बोलू."

पुढे कळलं, वस्तीत येणाऱ्या प्रत्येक अंमलदाराला त्या असंच आधी पाणी द्यायच्या. जो प्यायचा त्याच्याशी बोलायच्या. तहान नाही म्हणणाऱ्याला "बरं, या मंग" म्हणून वाटेला लावायच्या. मी प्यायलो. पण पेला हातात घेण्याआधी एक क्षण घुटमळलो होतो, आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

मग त्या मला घेऊन घरोघर हिंडल्या. सव्वीस चुली भरल्या. एका घरात सासूची वेगळी आणि सुनेची वेगळी अशा दोन होत्या. ठकूबाईंनी दोन्ही लिहायला लावल्या. प्रत्येक दारात त्या विचारायच्या, "जळन कुठनं आनती, सांग सायबास्नी." उत्तरं तीच ती यायची. गायरानावर पडलेलं शेण, ओढ्याकाठच्या बाभळीच्या काटक्या, आणि भोसरीकडच्या कारखान्यांमागे राखेचे ढीग पडत त्यांतून वेचलेला अर्धाजळका कोळसा. माझ्या तक्त्यात या कशालाच रकाना नव्हता. मी सगळं कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "वर वस्तीचं नाव काय लिवलंय?"

कागदावर जुनं, जातीवरून पडलेलं नाव छापलेलं होतं. मी ते चाचरत वाचलं.

"खोडा."

"अहो, छापील आहे ते."

"छापील खोडता येत न्हाई? आमी तर जलमाचं खोडलं."

मी खोडलं, आणि वर शाईनं बौद्ध वस्ती असं लिहिलं. अक्षर वाचता येत नसतानाही त्या माझं लिहून होईस्तोवर कागदावर वाकून उभ्या होत्या.

त्यानंतर माझं तिथे जाणं-येणं वाढलं. कधी कामानं जायचो, कधी काम काढून. ठकूबाईंचे यजमान किसनराव पिंपरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. शांत माणूस. बायकोबद्दल बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी भीती आणि पुष्कळसा अभिमान दिसायचा. एकदा ते मला म्हणाले, "भाऊ, आमच्या कंपनीत भर दुपारी दिवे चालू असत्यात. आन् हितं पोरगी चिमनीपुढं डोळं फोडून घेती. हिला मी कंपनीतलं काय बी सांगत न्हाई आता. सांगितलं की दुसऱ्या दिशी कचेरीत जाऊन बसती."

त्याचं कारण होतं. निमोणवाडीच्या माळावरून उच्चदाबाची वीजवाहिनी पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांकडे जाते. साठ सालानंतर तिचे मनोरे उभे राहत होते, तेव्हा त्यांच्या पायासाठी खडी-सिमेंटची घमेली वाहायला वस्तीतल्या बायकाच होत्या. ठकूबाई त्यांतल्या एक, नुकतं लग्न होऊन आलेल्या. पुढे गावात खांब आले. देवळापाशी आला, चावडीपाशी आला, शेवटचा सरपंचांच्या गोठ्यापाशी आला आणि तिथेच थांबला. तिथून वस्ती हाकेच्या अंतरावर. वस्तीनं अर्ज केला. उत्तर आलं की अपेक्षित भार पुरेसा नसल्यानं मागणीचा विचार करता येत नाही.

शाळेतल्या गुरुजींनी ठकूबाईंना ते वाचून दाखवलं. "भार म्हंजी?" त्यांनी विचारलं. गुरुजींनी समजावून सांगितलं, वीज किती वापरणार, तो भार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चालत वीज कचेरीत गेल्या आणि तो त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला, कागदांवर. "सायेब, ह्यो माझा रोजचा भार. पुरंना का?"

साहेब आधी हसले, मग चिडले. शिपायानं भारा उचलून बाहेर टाकला. ठकूबाई सबंध दिवस पायरीवर बसून राहिल्या. कचेरी बंद होताना शिपाई त्यांच्याकडे बघू लागला तशा त्या उठल्या, विखुरलेल्या काटक्या गोळा केल्या, भारा पुन्हा बांधला आणि तेवढंच अंतर डोक्यावर घेऊन घरी आल्या. हे मला किसनरावांनी सांगितलं. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा ठकूबाई एवढंच म्हणाल्या, "जळन होतं. टाकून कसं यायचं?"

धुराची त्यांना अजब पारख होती. लांबच्या घरातून वर जाणारा धूर बघून त्या सांगायच्या, तिकडं बाभळ जळतेय, ह्या घरात ओल्या तुराट्या, आणि त्या पलीकडच्या घरी आज टायर जाळलंय, जा गं, तिला दोन गोवऱ्या दे. कुणाच्या छपरातून धूर दिसला नाही की स्वतः जाऊन यायच्या. खोकल्यानं त्यांचं बोलणं मधेच तुटायचं. खोकला थांबला की तुटलेल्या शब्दापासूनच पुढे सुरू.

मी माझा तक्ता कचेरीत दिला. पाठीमागचं लिखाणही साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. "गुरं नाहीत, म्हणजे शेण नाही. शेण नाही, म्हणजे सभासद नाही. यात या चुली कुठे बसवू?" म्हणाले. त्यांच्या गणितात चूक नव्हती. वस्तीचा तेवढा कागद त्यांनी मला परत दिला, मी तो बॅगेत ठेवला.

टाकी झाली. खोल विहिरीसारखा खड्डा, त्यावर तरंगणारी लोखंडी टोपी. गॅस भरला की टोपी वर चढायची, वापरला की खाली उतरायची. गुरं असलेल्या घरांतून नळ गेले, शेगड्या बसल्या. उद्घाटनाला हार झाले, फोटो झाला. शेणकाला कालवायला आणि पाट्या वाहायला वस्तीतल्या बायका रोजावर ठेवल्या. गावातल्या कुणाला ते काम नको होतं.

महिन्याभरात पंचायतीनं ठराव केला. गायरानावरचं शेण यापुढे टाकीसाठी, ते कुणी वेचायचं नाही. गायरानावर एक राखणदार बसला. पहिल्याच आठवड्यात त्यानं वस्तीतल्या एका म्हातारीची भरली पाटी जमिनीवर पालथी केली.

मी गेलो तेव्हा ठकूबाईंच्या घराचं दार अर्धंच उरलं होतं. खालची फळी नव्हती. कोंबडीची पिल्लं तिथून आत-बाहेर करत होती.

"दाराला काय झालं?"

"खाल्लं," त्या म्हणाल्या. "दोन दिस भाकरी झाली त्याच्यावर. सागाचं न्हवतं, नायतर चार दिस गेलं असतं."

त्या चुलीतली राख ओढत म्हणाल्या, "काल माझ्याकडं फुकटचं शेन होतं. तुमची टाकी आली आन् ते बी गेलं. धुराचं वंगाळ सगळ्यास्नी ठावं हाय, भाऊ. पन धूर बंद करायचा म्हंजी आमची चूल बंद करायची, असं व्हय?"

पुढच्या ग्रामसभेला वस्तीतल्या सगळ्या बायका चावडीसमोर येऊन बसल्या. सरपंचांना सगळे तात्या म्हणत. माणूस वाईट नव्हता. गावात शाळेची खोली आणि रस्ता त्यांनीच आणला होता.

"ठकूबाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "टाकी शेणावर चालते. ज्याचं शेण त्याचा गॅस. यात कुणावर अन्याय नाही."

ठकूबाई उभ्या राहिल्या. "गोठ्यातलं शेन तुमचं. कबूल. गायरानावर पडलेलं कुनाचं?"

"गुरं आमचीच की."

"गवत गावाचं हाय. गवताबिगर शेन पडतंय का?"

माणसं हसली. मागून एकजण म्हणाला, "पण तात्या, एकाच नळाचा गॅस आमच्या चुलीत आणि त्यांच्याही चुलीत, हे कसं जमायचं?" हसणं थांबलं.

ठकूबाईंनी आवाज चढवला नाही. "दादा, नळ टाकीकडनं आमच्याकडं येनार. आमच्याकडनं तुमच्याकडं काय बी जात न्हाई. आन् इटाळाचंच म्हनाल तर टाकीत शेन कालवत्यात ते हात कुनाचं, ते बी इचारा." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी त्या दिशी आमच्या चुली लिवल्या. वाचा ते."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. साहेब शेजारी बसले होते. कागद माझ्या मांडीवरच्या बॅगेत होता.

"तो कागद कचेरीत आहे," मी म्हणालो.

ठकूबाईंनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसल्या. सभा तशीच उठली.

बाहेर सायकल काढताना त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. "भाऊ, तुमी वाईट न्हाई," त्या म्हणाल्या. "वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तुमी गप बसता. गप बसनाऱ्याशी मानसानं भांडायचं कसं?"

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या एकाही बाईनं शेणात हात घातला नाही.

घोषणा नाही, मोर्चा नाही. कामाला गेल्या नाहीत, एवढंच. दोन दिवस तात्यांच्या गड्यांनी टाकी भरली. तिसऱ्या दिवशी पाटी कुणी उचलायची यावरून दोन भावांत भांडण लागलं. मग कुणीच फिरकेना. टाकीची टोपी वस्तीतून सरळ दिसायची. रोज सकाळी बायका अंगणात उभ्या राहून ती किती उतरली ते बघायच्या. वस्तीतल्या चुली कशावर चालल्या होत्या, मला माहीत आहे. कुणाच्या छपराचे वासे गेले, कुणाची बाज गेली. किसनराव पाळी संपली की कारखान्यामागच्या राखेतून पोत्यात कोळसा वेचून आणायचे. एक-दोन बायका कामावर परत जायच्या बेतात होत्या. ठकूबाईंनी त्यांना बोल लावला नाही, आपल्याकडचं पोतं अर्धं करून त्यांच्या दारात नेऊन ठेवलं.

आठवडा सरता सरता टोपी तळाला बसली.

त्यानंतर आल्या त्या तात्यांच्या मंडळी. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं. त्या कधी वस्तीच्या हद्दीत आल्या नव्हत्या. मी त्या दिवशी तिथेच होतो. काकू अर्ध्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "ठकूबाई, महिनाभर माझ्या डोळ्याला पाणी नव्हतं. मला पुन्हा फुंकणी हातात धरायची नाही."

"मला बी न्हाई," ठकूबाई म्हणाल्या, आणि तांब्या-पेला घेऊन आल्या.

काकूंनी पेल्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अर्धा प्यायल्या आणि उरलेला खाली ठेवला.

"अर्धा तर अर्धा," ठकूबाई म्हणाल्या. "बसा."

दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. पण चार दिवसांनी पुन्हा सभा भरली. या वेळी मी कुणी सांगायच्या आत उठलो, बॅगेतून कागद काढला आणि पाठीमागचं सगळं वाचलं. कुणाच्या किती चुली, जळण कुठून, रोज किती चालणं. साहेब पुढे दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. ठकूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. सासू-सुनेच्या दोन चुली आल्या तेव्हा फक्त मान हलवली.

ठराव झाला तो असा. गायरानावरचं शेण वस्तीनं वेचायचं. निम्मं टाकीला द्यायचं, निम्मं घरी न्यायचं. बदल्यात वस्तीत एक पत्र्याची शेड, तिच्यात सहा शेगड्या, सगळ्यांनी त्यांवर पाळीपाळीनं रांधायचं. गावानं एक अट घातली, की वस्तीचा नळ टाकीपासूनच वेगळा न्यायचा, गावाच्या नळाला जोडायचा नाही.

मला संताप आला होता. वाटलं, आता ठकूबाई उसळतील.

"घाला येगळा," त्या म्हणाल्या. "खोदाई तुमी करा. कुठल्या नळातनं आलो ते गॅसला ठावं नसतं."

गावाच्या माणसांनी वस्तीपर्यंत चर खणला. ठकूबाई आणि बाकीच्या बायका लिंबाखाली बसून बघत होत्या.

त्या टाकीचं पुढे जे झालं ते तशा बहुतेक टाक्यांचं झालं. तीन-चार वर्षं चांगली चालली. गॅस सकाळच्या स्वैपाकापुरता पुरायचा, संध्याकाळी चूल लागायचीच. मग टोपी गंजली, दुरुस्तीचे कागद कचेरीत फिरत राहिले आणि एके दिवशी ती कायमची खाली बसली. पण गायरानावरचा राखणदार पुन्हा आला नाही. शेड राहिली, तिच्यात बायका बसायच्या, पोरं अभ्यास करायची. शेडच्या नावानं अर्ज केला तेव्हा विजेचा खांबही आला, कारण आता सार्वजनिक शेडचा भार कागदावर होता. ठकूबाईंचं दार मात्र बरीच वर्षं तसंच होतं. किसनरावांनी खाली पत्रा ठोकला होता.

मी त्यानंतर जिथे जिथे गेलो तिथे तक्त्यात पट्टीनं एक जादा रकाना आखायचो आणि वर 'चुली' असं लिहायचो. एका साहेबांनी विचारलं, "हा रकाना कुणाच्या हुकमानं?" मी म्हणालो, "माझ्या." नोकरीत दिलेलं तेवढं एकच उत्तर मला आजही आवडतं.

मग बदली झाली आणि निमोणवाडी सुटली. किसनराव गेल्याचं उशिरा कळलं. जायला हवं होतं, गेलो नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. चाकणहून एसटीनं परत येत होतो. कांद्यांच्या गाड्यांमुळे रस्ता अडला होता आणि गाडी नेमकी निमोणवाडीच्या गायरानापाशी थांबली. शेजारचा प्रवासी म्हणाला, इथे विजेचं मोठं उपकेंद्र होणार आहे, कारखाने वाढतायत ना. माळावर मोजणीदार आले होते. जीप उभी होती, झेंड्या रोवल्या होत्या. मोजणीची लांब साखळी जमिनीवर पसरली होती आणि एका टोकाशी एक तरुण मोजणीदार कमरेवर हात ठेवून उभा होता.

साखळीच्या मधोमध ठकूबाई बसल्या होत्या.

खूप वाळल्या होत्या. केस वयाआधीच पांढरे झाले होते. मांडीवर फडकं पसरून त्या भाकरी खात होत्या, सावकाश, दाढेखाली नीट धरून. मोजणीदार वाकून काहीतरी सांगत होता. त्या ऐकत होत्या, मान डोलावत होत्या आणि पुढचा घास मोडत होत्या. मधेच खोकल्याची उबळ आली. त्यानं घाईनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, दोन घोट प्यायल्या आणि परत दिली. जागेवरून मात्र हलल्या नाहीत.

मी खिडकीतून हाक मारणार होतो. तेवढ्यात गाडी सुरू झाली. मागे वळून बघितलं तर ठकूबाई साखळीवरच जराशा सरकल्या. वाटलं, उठताहेत. पण वस्तीकडून दुसरी एक बाई चालत येत होती. ठकूबाईंनी तिच्यासाठी शेजारी जागा केली होती.